संगणक-शंका : जुने सॉफ्टवेअर बसवताना अडवणाऱ्या सिस्टिम फाइल्स

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी अनेक पत्रांचा विषय एकच आहे : सॉफ्टवेअर जुने आहे, सीडी जपून ठेवलेली आहे, परंतु ते बसवायला घेतले की कुठल्या तरी सिस्टिम फाइलची तक्रार करणारी चौकट पडद्यावर येते. त्यामुळे यावेळचे सदर याच अडचणीला दिले आहे. फाइल्सची नावे आणि आज्ञा येथे देवनागरीत छापल्या असल्या तरी संगणकावर त्या रोमन अक्षरांत टंकायच्या आहेत, आणि नावात 'डॉट' असेल तेथे टिंब द्यायचे आहे.

प्रश्न : माझे वडील अक्षरजुळणीचे काम करीत. १९९७ ते २००६ या काळात त्यांनी जुळवलेले दिवाळी अंक, स्मरणिका आणि काही पुस्तके त्यांच्या विंडोज एक्सपीच्या संगणकात आहेत. ज्या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरवर हे काम झाले, त्याची मूळ सीडी आणि परवान्याचा कागद आमच्याकडे आहे. मध्यंतरी संगणक मंद झाला म्हणून नात्यातल्या एका मुलाने 'सफाई' करणारा एक प्रोग्रॅम चालवला आणि त्यानंतर हे सॉफ्टवेअर उघडेनासे झाले. ते पुन्हा बसवायला गेल्यावर '१६ बिट एमएस-डॉस सबसिस्टिम' अशा शीर्षकाची चौकट येते. तिच्यात ऑटोएक्झेक डॉट एनटी या फाइलचा पत्ता असतो आणि ही सिस्टिम फाइल एमएस-डॉसचे व विंडोजचे प्रोग्रॅम चालवण्यास योग्य नाही, असे इंग्रजीत लिहिलेले असते. 'क्लोज' दाबले तर सेटअप बंद होतो आणि 'इग्नोअर' दाबले तरी काम पुढे सरकत नाही. दुरुस्ती करणारे म्हणतात की हार्ड डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावे लागेल. वडिलांचे काम हातचे जाईल अशी भीती वाटते.
— एक वाचिका, मिरज

उत्तर : हार्ड डिस्क कोणालाही पुसू देऊ नका. आपल्या संगणकातून बहुधा एक छोटी मजकुराची फाइल नाहीशी झाली आहे आणि तिची प्रत त्याच संगणकात दुसऱ्या एका फोल्डरमध्ये असण्याची शक्यता फार मोठी आहे.

आधी हे का घडते, ते पाहू. विंडोज एक्सपी हे विंडोज ९५ किंवा ९८ प्रमाणे डॉस या त्याआधीच्या प्रणालीवर उभे नाही. ते एनटी या वेगळ्या घराण्यातले आहे आणि त्याच्या आत खरा डॉस नाही. तरीही त्या काळात बाजारात असलेली डॉसची आणि विंडोज ३.१ ची १६ बिट सॉफ्टवेअर चालावीत म्हणून त्यात एनटीव्हीडीएम नावाची एक सोय ठेवलेली होती, जी अशा प्रोग्रॅमसाठी डॉसच्या संगणकासारखे वातावरण तयार करते. जुना डॉस सुरू होताना ज्याप्रमाणे ऑटोएक्झेक डॉट बॅट आणि कॉन्फिग डॉट सिस या दोन फाइल्स वाचत असे, त्याचप्रमाणे एनटीव्हीडीएम सुरू होताना ऑटोएक्झेक डॉट एनटी आणि कॉन्फिग डॉट एनटी या दोन फाइल्स वाचते. यांपैकी एक जरी जागेवर नसली किंवा बिघडलेली असली, तरी आपल्याला दिसते तीच चौकट येते. संदेशातील 'योग्य नाही' हे शब्द दिशाभूल करणारे आहेत, कारण बहुतेक वेळा ती फाइल तेथे नसतेच.

आपले सॉफ्टवेअर १६ बिटचे नसूनही ही चौकट येऊ शकते, हे येथे सांगायला हवे. त्या दशकातील पुष्कळ सॉफ्टवेअर स्वतः ३२ बिटची होती, पण त्यांना संगणकावर बसवणारा सेटअप मात्र १६ बिटचा असे, म्हणजे तो विंडोज ३.१ पासून त्या काळच्या सर्व आवृत्त्यांवर निदान सुरू तरी होई. त्यामुळे अडचण दारातच येते, आणि ते दार उघडले की आतले सॉफ्टवेअर पुढे सुरळीत चालते.

आता प्रत्यक्ष कृती. काहीही करण्यापूर्वी वडिलांच्या कामाचे सर्व फोल्डर दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. हे काम आज करा, बाकीचे उद्या केले तरी चालेल. मग 'माय कॉम्प्युटर'मधून सी ड्राइव्ह आणि त्यातील विंडोज फोल्डर उघडा. या फाइल्स लपवलेल्या आहेत अशी सूचना आली, तर तेथेच फोल्डरमधील मजकूर दाखवण्याचा दुवा असतो, तो दाबा. आत 'रिपेअर' नावाचे फोल्डर दिसेल. विंडोज बसवले त्या वेळच्या काही महत्त्वाच्या फाइल्सच्या प्रती त्यात ठेवलेल्या असतात आणि त्यांत ऑटोएक्झेक डॉट एनटी व कॉन्फिग डॉट एनटी या दोन्ही असतात. या दोन फाइल्स कॉपी करून विंडोजमधील सिस्टिम ३२ या फोल्डरमध्ये पेस्ट करा. 'कट' करू नका, कारण रिपेअरमधील प्रत पुढेही उपयोगी पडेल. तेथील बाकीच्या फाइल्सना मात्र हात लावू नका. त्या विंडोजच्या नोंदवहीच्या म्हणजे रजिस्ट्रीच्या जुन्या प्रती आहेत आणि त्या इकडून तिकडे नेल्यास संगणक सुरूच होणार नाही.

काम झाले की नाही, हे तपासण्यासाठी 'स्टार्ट'मधील 'रन' निवडून कमांड डॉट कॉम असे टंका. काळी खिडकी उघडून तिच्यात सी ड्राइव्हचा पत्ता दिसला, तर एनटीव्हीडीएम पूर्ववत झाली असे समजावे. येथे पुष्कळ जण सीएमडी टंकतात आणि खिडकी उघडली म्हणून सर्व ठीक आहे असे धरून चालतात. परंतु सीएमडी हा ३२ बिट प्रोग्रॅम असल्यामुळे त्याचा या फाइल्सशी संबंधच येत नाही आणि ती तपासणी ठरत नाही.

रिपेअर फोल्डरही रिकामे असेल, तर विंडोज एक्सपीच्या सीडीवर या फाइल्स आहेत. सीडीवरील आय ३८६ या फोल्डरमध्ये त्या दाबून लहान केलेल्या स्वरूपात असतात आणि तेथे त्यांच्या नावातील शेवटच्या अक्षराच्या जागी अधोरेषा असते किंवा ती शेवटी जोडलेली असते. 'एक्स्पांड' ही आज्ञा देऊन, त्यापुढे सीडीवरील फाइलचा पत्ता आणि त्यापुढे सिस्टिम ३२ मधील पूर्ण नावासह पत्ता लिहिला, की फाइल मूळ रूपात जागेवर येते. ऑटोएक्झेक, कॉन्फिग आणि कमांड डॉट कॉम या तिन्ही फाइल्स अशाच आणता येतात. सीडी नसेल, तर ओळखीच्या कोणाच्या चालू एक्सपी संगणकातून पहिल्या दोन फाइल्स आणाव्यात; नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतील इतक्या त्या साध्या आहेत. मात्र नोटपॅडमधून जतन करताना नावाला दुहेरी अवतरणचिन्हे लावा. ती लावली नाहीत, तर नोटपॅड शेवटी टीएक्सटी जोडतो आणि ओळखीच्या प्रकारांची शेपटे लपवण्याची विंडोजची सवय चालू असल्यास आपल्याला नाव बरोबर दिसत राहते, पण एनटीव्हीडीएमला फाइल सापडत नाही. या एकाच चुकीवर अख्खा दिवस घालवलेल्या लोकांची पत्रे मला आलेली आहेत.

फाइल्स जागेवर आल्यानंतर प्रत्येकीवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रीड-ओन्ली' ही खूण करा. संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर त्या परत नाहीशा झाल्या, तर कुठला तरी प्रोग्रॅम त्या काढून टाकतो आहे असे समजावे. तो सफाईचा प्रोग्रॅम असू शकतो किंवा व्हायरसही असू शकतो. अशा वेळी आधी त्याचा बंदोबस्त करावा आणि मग फाइल्स पुन्हा ठेवाव्यात. विंडोज एक्सपीची सुरक्षा-अद्यतने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली आहेत, म्हणून हा संगणक इंटरनेटला जोडू नये, हे आग्रहाने सांगतो.

सॉफ्टवेअर एकदा सुरू झाले की त्या जुन्या फाइल्स युनिकोडमध्ये आणण्याचे काम लांबणीवर टाकू नका. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अख्खा दिवाळी अंक निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग होऊन उघडतो. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, परंतु त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराची स्थिती त्याच्या उलट आहे. म्हणून रूपांतरानंतर 'कीर्ती', 'निर्मिती', 'वार्षिक' असे शब्द आधी तपासावेत, कारण चूक असेल तर ती तेथेच सापडेल. मूळ सॉफ्टवेअरमधून प्रत्येक अंकाची पीडीएफ प्रतही काढून ठेवा, म्हणजे ताडून पाहायला वडिलांच्या हातची मूळ मांडणी समोर राहील.

प्रश्न : आमच्या दूध संकलन संस्थेचा हिशेबाचा प्रोग्रॅम २००२ साली एका स्थानिक प्रोग्रॅमरने व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये करून दिला होता. त्यांनी आता हा व्यवसाय सोडला आहे. नवीन संगणकावर विंडोज १० आहे. सेटअप चालवला की काही सिस्टिम फाइल्स जुन्या झाल्या आहेत, त्या अद्ययावत करण्यासाठी 'ओके' दाबा आणि नंतर संगणक पुन्हा सुरू करा, असा संदेश येतो. तसे केले तरी पुन्हा तोच संदेश येतो. असे आम्ही सहा वेळा केले.
— संस्थेचे सचिव, संगमनेर तालुका

उत्तर : सातव्यांदा करू नका, हे चक्र आपोआप थांबणारे नाही. गंमत अशी, की विंडोज १० मधील फाइल्स आपल्या सीडीवरील फाइल्सपेक्षा नव्या असूनही संदेश त्यांना जुने म्हणतो.

व्हिज्युअल बेसिक ६ सोबत सेटअप तयार करण्याचे जे साधन मिळत असे, ते मूळ प्रोग्रॅमबरोबर सेटअप डॉट एलएसटी नावाची एक यादी ठेवते. मुख्य काम सुरू करण्याआधी कोणत्या सिस्टिम फाइल्स संगणकात असायलाच हव्यात, हे त्या यादीत लिहिलेले असते. सेटअप त्या तपासतो, समाधान झाले नाही तर स्वतःजवळच्या प्रती सिस्टिम फोल्डरमध्ये टाकू पाहतो आणि संगणक पुन्हा सुरू करायला सांगतो. विंडोज ९८ वर हे चालून जाई. विंडोज २००० पासून मात्र विंडोज स्वतःच्या फाइल्सचे रक्षण करू लागले. बाहेरच्या प्रोग्रॅमने बदललेली फाइल ते मूळ प्रतीने परत बदलत असे, आणि विंडोज व्हिस्टापासून तर अशा फाइल्सना हात लावण्याची परवानगी प्रशासकालाही सहजासहजी मिळत नाही. सेटअप बदलायला जातो, विंडोज बदलू देत नाही, आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर सेटअपला सगळे पहिल्यासारखेच दिसते.

प्रथम साधे उपाय करा. चालू असलेले सर्व प्रोग्रॅम बंद करा, 'टेम्प' फोल्डर रिकामे करा, विंडोज फोल्डरमध्ये किंवा टेम्पमध्ये एमएसएफटीक्यूडब्ल्यूएस डॉट पीडीडब्ल्यू नावाचे फोल्डर राहिले असेल तर ते काढून टाका, संगणक एकदा पुन्हा सुरू करा आणि सेटअपवर उजवी कळ दाबून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. ते विचित्र नावाचे फोल्डर म्हणजे अर्धवट राहिलेल्या सेटअपची तात्पुरती जागा आहे आणि त्यातील उष्ट्या फाइल्समुळेही हे चक्र चालू राहते.

एवढ्याने भागले नाही, तर संपूर्ण सीडी हार्ड डिस्कवरील एका फोल्डरमध्ये कॉपी करा, सर्व फाइल्सवरील 'रीड-ओन्ली' खूण काढा आणि सेटअप डॉट एलएसटी नोटपॅडमध्ये उघडा. आधी तिची एक प्रत वेगळी ठेवा. आत चौकटी कंसात 'बूटस्ट्रॅप फाइल्स' असा मथळा दिसेल आणि त्याखाली 'फाइल १', 'फाइल २' अशा क्रमाने पाच-सात ओळी असतील. प्रत्येक ओळीत आधी फाइलचे नाव, मग ती कोठे ठेवायची ते, मग तारीख, बाइटमधील आकार आणि सर्वांत शेवटी आवृत्तीचा क्रमांक, अशी माहिती स्वल्पविरामांनी वेगळी केलेली असते. यांतील कॉमकॅट, एसटीडीओलेई २, एएसवायसीफिल्ट, ओलेप्रो ३२ आणि ओलेऑट ३२ या नावांच्या ओळी काढून टाका, कारण या फाइल्स विंडोजच्या स्वतःच्या आहेत आणि आपल्या संगणकात त्या आधीपासून आहेत. एमएसव्हीबीव्हीएम ६० ही व्हिज्युअल बेसिकची मुख्य फाइलसुद्धा विंडोज १० सोबत येते, म्हणून तिचीही ओळ काढता येते. व्हीबी ६ एसटीकिट ही ओळ मात्र राहू द्या; ती सेटअपची स्वतःची आहे.

यानंतरची एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. उरलेल्या ओळींना पुन्हा 'फाइल १' पासून सलग क्रमांक द्या. मध्ये एखादा क्रमांक सुटला, तर सेटअप तेथेच यादी संपली असे समजतो आणि पुढच्या ओळी वाचतच नाही. त्याखाली 'सेटअप वन फाइल्स' या मथळ्याची दुसरी यादी असते. ती आपल्या प्रोग्रॅमची आहे, तिला हात लावू नये.

प्रोग्रॅम बसवताना सेटअप आपण होऊन 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरचे नाव सुचवील. ते स्वीकारू नका. सी ड्राइव्हवर 'दूध' या अर्थाचे रोमन नावाचे साधे फोल्डर करून त्यात प्रोग्रॅम बसवा. हे का सांगतो आहे, ते नीट समजून घ्या, कारण येथे झालेली चूक महिन्याभराने हिशेबात दिसते. त्या काळचे प्रोग्रॅम आपली माहितीची फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहीत असत. आताचे विंडोज सामान्य वापरकर्त्याला 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहू देत नाही, पण जुना प्रोग्रॅम अडू नये म्हणून ते लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या स्वतःच्या 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये वळवते. परिणामी सकाळच्या पाळीचा कर्मचारी आपल्या नावाने संगणक उघडून दुधाची नोंद करतो आणि संध्याकाळच्या कर्मचाऱ्याला आपल्या नावाने उघडल्यावर ती नोंद दिसतच नाही. दोघांच्याही हिशेबाच्या प्रती खऱ्या असतात, पण वेगवेगळ्या असतात, आणि दहा दिवसांचे बिल काढताना उत्पादकाचे लिटर जुळत नाहीत. स्वतंत्र फोल्डरमध्ये बसवून त्या फोल्डरवर सर्व कर्मचाऱ्यांना लिहिण्याची परवानगी दिली, की हा प्रश्न उद्भवत नाही.

प्रोग्रॅम सुरू झाल्यावर जुन्या संगणकातील माहितीची फाइल आणून ठेवा आणि एका उत्पादकाचे मागील बिल दोन्ही संगणकांवर काढून ताडून पाहा. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक ६ या साधनाचा आधार ८ एप्रिल २००८ रोजी थांबवला असला, तरी त्यात तयार केलेले प्रोग्रॅम चालवणारा भाग विंडोजच्या चालू आवृत्त्यांमध्ये अजूनही दिला जातो, त्यामुळे आपला प्रोग्रॅम या कारणासाठी तरी टाकून देण्याची गरज नाही. मात्र विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा पुढच्या खरेदीच्या वेळी हीच बदललेली यादी आणि हेच फोल्डर विंडोज ११ वर वापरता येईल अशा बेताने जपून ठेवा.

प्रश्न : १९९६ साली घेतलेली मुलांच्या विज्ञानाची एक इंग्रजी सीडी नातीला दाखवावी म्हणून विंडोज ११ च्या लॅपटॉपवर लावली. हे ॲप तुमच्या संगणकावर चालू शकत नाही, असा संदेश येतो. कंपॅटिबिलिटी मोडमध्ये विंडोज ९५ निवडले तरी फरक पडत नाही. यातही एखादी फाइल परत ठेवून काम होईल का?
— एक निवृत्त शिक्षक, डोंबिवली

उत्तर : नाही, आणि हे मी स्पष्टपणे सांगतो, म्हणजे आपला वेळ वाया जाणार नाही. पहिल्या उत्तरात सांगितलेली एनटीव्हीडीएम ही सोय फक्त ३२ बिट विंडोजमध्ये होती. प्रोसेसर ६४ बिट पद्धतीने चालू असताना डॉसचे वातावरण उभे करण्यासाठी लागणारी त्याची जुनी व्यवस्था वापरता येत नाही, आणि ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिट प्रोग्रॅमसाठी जागाच ठेवलेली नाही. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती मिळत असे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच आहे. कंपॅटिबिलिटी मोड प्रोग्रॅमला 'तू विंडोज ९५ वर आहेस' असे भासवतो, पण संगणकात नसलेली क्षमता तो निर्माण करू शकत नाही.

तरीही सीडी टाकून देऊ नका. तिच्यावरील फोल्डर उघडून ३२ बिटचा वेगळा सेटअप आहे का ते पाहा. काही प्रकाशक दोन्ही ठेवत असत आणि त्या फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात ३२ हा आकडा असे. काही ठरावीक प्रकारचे १६ बिट सेटअप विंडोज स्वतः ओळखते आणि त्यांच्या जागी ३२ बिटचा सेटअप चालवते, पण आपल्याला संदेश आला त्याअर्थी आपला सेटअप त्यांत नाही. सीडी डॉसची असेल, तर डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्रॅम तिला उत्तम चालवतो. ती विंडोज ३.१ किंवा ९५ ची असेल, तर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये आभासी संगणक तयार करून त्यात आपल्याजवळच्या परवान्याचे जुने ३२ बिट विंडोज बसवावे. यासाठी एक निवांत दुपार लागेल, पण एकदा तो आभासी संगणक तयार झाला की त्या काळच्या इतर सीडींनाही तो उपयोगी पडतो. प्रथम सीडीची आयएसओ प्रत, म्हणजे संपूर्ण सीडीची एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत, काढून घ्या. जवळजवळ तीस वर्षांची सीडी वारंवार फिरवणे बरे नव्हे.

प्रश्न : चित्रे काढण्याचे एक जुने सॉफ्टवेअर बसवले. उघडताना एमएसव्हीसीआर १०० डॉट डीएलएल सापडत नाही असे आले. एका संकेतस्थळावरून ती फाइल उतरवून सिस्टिम ३२ मध्ये टाकली, तर आता वेगळाच त्रुटिसंदेश येतो. 'एसएफसी' चालवली, तिने काही दोष नाही असे सांगितले.
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : उतरवलेली फाइल प्रथम काढून टाका आणि संगणकाची व्हायरस-तपासणी करा. सुट्या डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमना लागणाऱ्या साहाय्यक फाइल्स, वाटणाऱ्या संकेतस्थळांवरील फाइल कोणी, कोठून आणली आणि तिच्यात काय मिसळले, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो. शिवाय आपले सॉफ्टवेअर बहुधा ३२ बिटचे असेल आणि ६४ बिट विंडोजमध्ये नावे उलटी आहेत : सिस्टिम ३२ या फोल्डरमध्ये ६४ बिटच्या फाइल्स असतात आणि ३२ बिटच्या फाइल्स सिसवाउ ६४ या फोल्डरमध्ये असतात. आपण फाइल घराच्या चुकीच्या खोलीत ठेवली, असे झाले.

एसएफसीने खोटे सांगितलेले नाही. ती आज्ञा विंडोजच्या स्वतःच्या संरक्षित फाइल्स तपासते आणि ही फाइल त्यांतली नाही. ती व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१० या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅम तयार करण्याच्या साधनासोबतची आहे. नावातील १०० हा आकडा म्हणजे आवृत्ती १०.०. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१० चे 'रिडिस्ट्रिब्युटेबल', म्हणजे अशा फाइल्स एकत्र बसवणारे पॅकेज, उतरवा आणि ६४ बिट विंडोज असले तरी एक्स ८६ म्हणजे ३२ बिटचेही बसवा. २००८, २०१० आणि २०१३ यांची ही पॅकेजेस एकमेकांची जागा घेत नाहीत, म्हणून ज्या वर्षाचे हवे तेच बसवावे लागते; २०१५ पासून पुढच्यांचे मात्र एकत्रित पॅकेज मिळते.

एसएफसी कधी दोष सापडला पण दुरुस्त करता आला नाही असे सांगत असेल, तर प्रशासक म्हणून उघडलेल्या काळ्या खिडकीत आधी 'डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ' ही आज्ञा चालवावी आणि ती पूर्ण झाल्यावर 'एसएफसी /स्कॅननाऊ' पुन्हा द्यावी. पहिली आज्ञा मूळ साठा नीट करते आणि दुसरी त्या साठ्यातून फाइल्स घेते, म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. टक्केवारी बराच वेळ एका जागी थांबलेली दिसली तरी खिडकी बंद करू नये.

प्रश्न : कार्यालयातील जुन्या सॉफ्टवेअरला डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ हवे आहे. विंडोज १० वर ते चालू करताना ०एक्स८००एफ०८१एफ हा क्रमांक येतो.
— एक वाचक, पणजी

उत्तर : या क्रमांकाचा अर्थ, लागणाऱ्या मूळ फाइल्स सापडल्या नाहीत. डॉट नेट फ्रेमवर्क म्हणजे काही प्रोग्रॅम चालण्यासाठी लागणारा मायक्रोसॉफ्टचा भाग; विंडोज १० मध्ये त्याची ३.५ ही सोय बंद ठेवलेली असते आणि चालू केल्यावर तिच्या फाइल्स विंडोज अपडेटवरून आणल्या जातात. ज्या कार्यालयांत अद्यतने स्वतःच्या सर्व्हरवरून येतात, तेथे त्या मिळत नाहीत. आपल्या संगणकावर आहे त्याच आवृत्तीचे विंडोजचे आयएसओ घ्या, ते दोनदा टिचकी मारून उघडा आणि त्याला मिळालेले ड्राइव्हचे अक्षर पाहून ठेवा. ते डी असेल, तर प्रशासकाच्या खिडकीत 'डीआयएसएम /ऑनलाइन /एनेबल-फीचर /फीचरनेम:नेटएफएक्स ३ /ऑल /सोर्स:डी:\सोर्सेस\एसएक्सएस /लिमिटॲक्सेस' ही आज्ञा रोमन अक्षरांत, नेटएफएक्स आणि ३ यांच्यामध्ये जागा न सोडता द्या. आवृत्ती वेगळी असेल, तर हाच क्रमांक पुन्हा येईल. म्हणून 'रन'मध्ये विनव्हर टंकून ती आधी पाहून घ्या आणि आयएसओ त्याप्रमाणेच निवडा.